सुट्टीची नदी आणि कामाची नदी : मराठी किशोर साहसकथेतील एका उणिवेसंबंधी

१

उन्हाळ्याची सुट्टी, चार-पाच मुले, वल्ह्यांची एक लहानशी होडी, पलीकडच्या काठावर तळ ठोकून असलेली प्रतिस्पर्धी टोळी आणि मोठ्यांना न उकललेले एखादे गूढ, या पाच घटकांवर उभी राहणारी किशोर साहसकथा इंग्रजी वाङ्मयात केव्हाच रूढ झाली आहे. भाषांतरे, रूपांतरे आणि शालेय ग्रंथालये यांच्या वाटेने ती मराठी वाचकापर्यंतही पोहोचली. मराठीने या कथाप्रकारातील सुट्टी घेतली, टोळी घेतली, प्रतिस्पर्धी घेतले आणि गूढही घेतले. होडी मात्र घेतली नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून दिलीप प्रभावळकरांच्या बोक्या सातबंडेपर्यंत मराठी किशोरनायकांची जी मालिका डोळ्यांसमोर येते, तिच्यात सायकल आहे, किल्ला आहे, बर्फाचे डोंगर आहेत, शहरातल्या गल्ल्या आहेत. नदीवर आठ दिवस काढणारा आणि नदीच्या स्वभावावरच ज्याचे साहस अवलंबून आहे असा नायक मात्र त्या मालिकेत स्वतःचे स्थान मिळवू शकलेला नाही.

या उणिवेचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. महाराष्ट्रातील बहुतेक नद्या बारमाही नाहीत. ज्या दिवसांत मुलांना सुट्टी असते त्या दिवसांत नदीला पाणी नसते. तेव्हा होडी चालणार कोठे? या स्पष्टीकरणात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. कोरड्या नदीवर होडीची कथा लिहिता येत नसेल, तर कोरड्या नदीची कथा लिहिता येते. ती का लिहिली गेली नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पर्जन्यमानाच्या तक्त्यात सापडत नाही. बालपण कोणत्या वाङ्मयप्रकारात सांगायचे याची जी वाटणी मराठी साहित्यव्यवहाराने नकळत करून ठेवली आहे, तिच्यात ते सापडते. वर्धा जिल्ह्यातील नद्यांच्या संदर्भात ही वाटणी विशेष स्पष्ट दिसते, म्हणून तो जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

२

नदी-साहसकथेचे जे नमुने आदर्श म्हणून सांगितले जातात, त्यांच्या यशाचे रहस्य सुट्टीच्या मौजेत आहे, असा समज आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. आर्थर रॅन्सम यांची 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' ही कादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली. वॉकर कुटुंबातील चार भावंडे उत्तर इंग्लंडमधील सरोवरांच्या प्रदेशात 'स्वॉलो' नावाच्या शिडाच्या होडीतून एका बेटावर मुक्कामाला जातात. ब्लॅकेट बहिणी 'अ‍ॅमेझॉन' ही आपली होडी घेऊन त्यांच्या प्रतिस्पर्धी म्हणून उभ्या राहतात, आणि नौकागृहात राहणाऱ्या ब्लॅकेट बहिणींच्या मामाची पेटी चोरीला गेल्याने गूढ निर्माण होते. कथानक एवढेच आहे. कादंबरी टिकून राहिली ती त्यातील कौशल्याच्या तपशिलामुळे. शीड केव्हा उतरवावे, अंधारात धक्क्याला होडी कशी लावावी, वारा पडला तर काय करावे, हे या मुलांना यावे लागते. ज्याला ते येत नाही त्याची फजिती होते. तेथे साहस म्हणजे धाडसाचा आव नव्हे, हाताला आलेले काम होय. आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. नौकागृहावर कोणाचा तरी डोळा आहे ही पहिली सूचना मुलांना मिळते ती रानात कोळसा पाडणाऱ्या मजुरांकडून. त्या प्रदेशाची खबर त्या प्रदेशात राबणाऱ्या माणसांनाच असते, हे लेखकाला ठाऊक आहे. ती माणसे कथेच्या कडेला राहतात, ही त्या कादंबरीची मर्यादा आहे; पण ती कथेत आहेत.

मार्क ट्वेन यांच्या 'हकलबरी फिन'मध्ये (१८८४-८५) ही मर्यादा ओलांडलेली दिसते. तेथे सुट्टी नाहीच. हक हा दारुड्या बापाच्या मारापासून पळालेला मुलगा आहे आणि जिम हा विक्रीच्या भीतीने पळालेला गुलाम आहे. कथेला गती मिळते ती मिसिसिपीच्या जून महिन्यातील चढत्या पाण्याने. त्या पाण्याबरोबर एक रिकामी डोंगी वाहत येते, हक ती लपवून ठेवतो आणि तीच त्याच्या सुटकेचे साधन होते. पुढे त्याच पुरातून एक घर वाहत येते, त्यात एक प्रेत असते, आणि ते कोणाचे हे जिम शेवटपर्यंत हकपासून लपवून ठेवतो. म्हणजे या कादंबरीतील वाहन आणि गूढ ही दोन्ही नदीच्या ऋतुचक्रातून आलेली आहेत. नदीचे पंचांग बाजूला काढले तर कथानक कोसळते. शिवाय पाण्याची, पावसाची आणि पाखरांची भाषा ज्याला कळते तो जिम कथेच्या मध्यभागी आहे. माणूस म्हणून त्याला ओळखणे हेच हकचे सर्वांत मोठे साहस आहे.

या दोन उदाहरणांवरून एक निकष हाती लागतो. नदी-साहसकथेत नदी खरी असावी लागते. खरी म्हणजे विशिष्ट ऋतूत विशिष्ट रीतीने वागणारी आणि विशिष्ट माणसांच्या उपजीविकेत गुंतलेली. ज्या कथेत नदी केवळ देखावा म्हणून येते, त्या कथेत होडीऐवजी मोटार घातली तरी काही बिघडत नाही.

३

हाच निकष मराठीला लावला असता पहिली गोष्ट लक्षात येते ती भागवतांच्या श्रेष्ठत्वाची. ज्यूल व्हर्नला मराठीत आणणाऱ्या या लेखकाला परदेशी साहसकथेचा आकृतिबंध उत्तम परिचयाचा होता. तरीही फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेल्या बनेश फेणेला त्यांनी होडीत बसवले नाही, सायकलवर बसवले. पुणे हे त्या काळी सायकलींचे शहर होते. मुलाला स्वतःच्या बळावर घरापासून दूर नेणारे, मोठ्यांच्या परवानगीची फारशी गरज नसणारे वाहन तेथे सायकलच होते. रॅन्समच्या मुलांना शीड जसे कळते तशी बन्याला सायकल कळते. हे खरे रूपांतर होय. भागवतांनी परक्या कथेतील वस्तू उचलली नाही. त्या वस्तूचे कार्य ओळखले आणि ते करणारी आपली वस्तू शोधली. दूरदर्शन मालिका आणि २०१७ साली आलेला चित्रपट यांतूनही फेणे ओळखू आला याचे कारण या शोधात आहे.

परंतु जो न्याय भागवतांनी पुण्याला दिला तो नदीकाठच्या प्रदेशांना कोणी दिला नाही. मराठी बालवाङ्मयात पाणी येते ते बहुधा विहिरीचे. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) श्याम पोहायला जायचे टाळतो, घरात लपून बसतो, आणि एरवी मायेची मूर्ती असलेली आई त्याला मारत बाहेर काढते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. हा प्रसंग मराठी मनाच्या पाण्याशी असलेल्या नात्यावर बराच प्रकाश टाकतो. पाणी हे भयाचे स्थान आहे, त्या भयावर मात करणे हे संस्काराचे अंग आहे, आणि एकदा पोहता येऊ लागले की विषय संपतो. पाण्यावर जगणे, पाण्याबरोबर जाणे, पाण्याकडून काही मिळवणे हा पुढचा टप्पा त्या अनुभवविश्वात येत नाही, कारण ज्या समाजस्तरातून हे लेखन आले त्या स्तराचे पोट पाण्यावर नव्हते.

ज्यांचे पोट पाण्यावर, रानावर, रस्त्यावर होते त्यांची मुले मराठी साहित्यात आली, पण ती वेगळ्या दाराने. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि त्यानंतरची अनेक आत्मकथने यांनी राबणारे बालपण मराठी वाचकासमोर ठेवले. 'उपरा'मधील मुलगा बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव हिंडतो. त्याच्या वाटेवर धोके आहेत, शत्रू आहेत, युक्त्या आहेत. साहसकथेचे सर्व घटक त्याच्या आयुष्यात भरलेले आहेत. तरी त्याची कथा साहसकथा म्हणून कोणी वाचत नाही, वाचू नयेही. तिच्यातील वेदना मौजेत विरघळवणे हा अन्याय होईल. मात्र यातून जी वाटणी कायम झाली ती पाहण्यासारखी आहे. राबणारे बालपण प्रौढांसाठीच्या आत्मकथनात आणि खेळणारे बालपण मुलांसाठीच्या कथेत, अशी ती वाटणी आहे. पहिल्यात दुःख असते आणि कौशल्याचा आनंद क्वचितच असतो. दुसऱ्यात आनंद असतो आणि काम कधीच नसते. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'सारख्या लेखनाने बालमनाचे तिसरे, स्मरणाचे दालन उघडले. परंतु तेही प्रौढ वाचकासाठीच.

नदी-साहसकथेची जागा नेमकी या दोन दालनांच्या मधल्या भिंतीत आहे. नदीवर जाण्यासाठी लागणारे ज्ञान राबणाऱ्या मुलाकडे आहे आणि नदीवर जाण्यासाठी लागणारी मोकळीक सुट्टीतल्या मुलाकडे आहे. भिंत तशीच राहते तोवर ही कथा जन्माला येत नाही.

४

वर्धा जिल्ह्याकडे वळल्यावर ही चर्चा मूर्त होते. सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावणारी वर्धा नदी या जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत दक्षिणेकडे जाते आणि पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. जिल्ह्याच्या पोटात धाम, बोर, वेणा, यशोदा या तिच्या लहान नद्या आहेत. जून अखेरपासून सप्टेंबरपर्यंत या नद्या भरून वाहतात. पूर आला की काठच्या गावांचे संपर्क तुटतात. दिवाळीनंतर प्रवाह आटू लागतो आणि एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, पात्रात वाळू, खडक आणि अधूनमधून डोह उरतात. विदर्भातील शाळांची सुट्टी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरापर्यंत, जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबते, ती या उन्हामुळेच. म्हणजे मुलगा मोकळा असतो तेव्हा नदी बंद असते, आणि नदी सुरू होते तेव्हा मुलगा वर्गात असतो. परदेशी आकृतिबंध येथे जसाच्या तसा बसणे शक्य नाही.

पण नदी बंद असते ती कोणासाठी? ढिवर, भोई, कहार या समाजांच्या घरांत उन्हाळा हा विशेष गडबडीचा काळ असतो. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात ढीमरांच्या व्यवसायांची जी नोंद केली आहे, तीत मासेमारी आणि पालखी वाहणे यांच्या जोडीला तळ्यात शिंगाडा लावणे आणि उघड्या पडलेल्या नदीपात्रात टरबूज-काकडीचे मळे करणे हेही आहे. विदर्भात नदीच्या रेतीत डांगरवाडी करणाऱ्या कुटुंबांना उन्हाळाभर पात्रातच खोपटी घालून राहावे लागते, रात्री राखण करावी लागते. आटत चाललेल्या डोहात मासा कोठे दबून बसला आहे, कोणत्या खडकाखाली पाणी टिकणार आहे, पहिल्या वळवानंतर वरून पाणी किती वेळात येईल, हे त्या घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळत असते. एका खोडातून कोरलेला डोंगा कोठे तरंगेल आणि कोठे टेकेल हेही त्यालाच कळते. रॅन्समच्या मुलांना जे कौशल्य सुट्टीत हौसेने मिळवावे लागते, ते याला जगताना मिळालेले असते. त्याला सुट्टी मात्र नसते. कारण सुट्टी ही कल्पनाच ज्याला शाळा आहे आणि घरकामातून सूट आहे अशा मुलाची आहे.

येथे वर्धा जिल्ह्याच्या आणखी एका वारशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि झाकीर हुसेन समितीच्या कामातून नई तालीमची योजना पुढे आली. हाताने केलेले उत्पादक काम हे शिक्षणाच्या मध्यभागी ठेवावे, त्यातूनच गणित, भूगोल, समाज यांचे ज्ञान उलगडावे, हे तिचे सूत्र होते. त्या योजनेचे शैक्षणिक आणि आर्थिक मूल्यमापन पुष्कळ झाले आहे. तिचा वाङ्मयीन अर्थ मात्र कोणी काढला नाही. हाताच्या कौशल्याला पुस्तकी ज्ञानाइतकी प्रतिष्ठा देणारी कथा मुलांसाठी लिहायची तर तिचा नायक काम येणारा मुलगाच असणार. 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' १९३० सालचे आणि वर्धा परिषद १९३७ सालची. दोन अगदी भिन्न समाजांत, एकाच दशकात, कौशल्याला बालपणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे हे दोन प्रयत्न झाले. इंग्रजीत त्यातून एक कथामालिका उभी राहिली. मराठीत, विचार घरचा असूनही, त्यातून कथा निर्माण झाली नाही. १९६९ आणि २०२३ या दोन्ही वेळी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्याला भरले. गांधी-विनोबांच्या वारशाचा उल्लेख अशा प्रसंगी अपरिहार्यपणे होतो. त्या वारशाचे किशोरसाहित्याशी काही नाते असू शकते याचा विचार अजून व्हायचा आहे.

५

अशी कथा लिहायची तर गूढ आणि प्रतिस्पर्धी कोठून आणायचे, असे विचारले जाईल. ते बाहेरून आणण्याचे कारण नाही.

धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा १९३८ साली राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना तेथे प्राचीन शिल्पे मिळाली. त्यांतील भरत-रामाच्या भेटीचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प विनोबांना विशेष प्रिय होते. ही शिल्पे आजही आश्रमात आहेत. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी १९६७ मध्ये तेथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळील मनसर येथील उत्खननांनंतर प्रवरपूर कोणते याविषयी मतभेद निर्माण झाले आणि तो वाद अभ्यासकांत चालूच आहे. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे आणि त्याचा विषय समुद्र ओलांडण्यासाठी सेतू बांधणे हा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्या दर्जासाठी मराठीच्या प्राकृत पूर्वपरंपरेचा जो आधार दिला जातो, तिच्यातील एका श्रेष्ठ काव्याचा कर्ता कदाचित या आटणाऱ्या नदीच्या काठी राज्य करीत होता. राजधानी खरोखर येथे होती काय, असली तर नदीने तिचा किती भाग पोटात घेतला, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठच्या थरात काय दिसते, यापेक्षा अधिक चांगले गूढ किशोर कादंबरीकाराला कल्पनेनेही रचता येणार नाही. शिवाय या गूढाची उकल एकट्याने होणारी नाही. विटेचा तुकडा कोणत्या काळचा हे सांगणारा शहरातला मुलगा आणि तो तुकडा कोणत्या पुराने उघडा केला हे सांगणारा काठावरचा मुलगा, दोघांचीही गरज पडते. आणि वर्तमानकाळातील गूढ हवे असेल तर रात्री बंद घाटावर दिसणारा उजेड पुरेसा आहे. रेतीच्या चोरट्या उपशाने विदर्भातील नद्यांची पात्रे कशी खरवडली जात आहेत हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. डांगरवाडीवर राखणीला झोपलेल्या मुलाला त्या उजेडाचा अर्थ सर्वांआधी कळेल.

प्रतिस्पर्ध्यांचेही तसेच. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला आणि नदी ही वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यातील सीमा ठरली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये निर्माण झाला तेव्हाही ती जिल्ह्याची सीमाच राहिली. एका काठावर वऱ्हाडीचे वळण, दुसऱ्या काठावर नागपुरीचे. नातीगोती मात्र दोन्हीकडे. डोह कोणाचा, जाळे कोणी कोठवर टाकायचे, हे तंटे दोन काठांवरच्या गावांत जुनेच आहेत. ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा या प्रकल्पांनंतर पाणी केव्हा येणार हे ऋतूबरोबर धरणाचे दरवाजेही ठरवू लागले आणि जलाशयातील मासेमारीला ठेक्याचे व सहकारी संस्थांचे नियम आले. दोन काठांवरच्या दोन टोळ्यांच्या चढाओढीला याहून भरीव पार्श्वभूमी कोणती हवी? त्यांच्या संवादांतून दोन बोलींचा जो खेळ रंगेल तो वेगळाच.

६

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की मुलांच्या कथेला वास्तवाचे इतके ओझे कशाला? कल्पनेचा मुक्त विहार हा तिचा प्राण नव्हे काय? याला उत्तर ट्वेन आणि भागवत यांनी आपल्या लेखनाने देऊन ठेवले आहे. कल्पना मुक्त होते ती पायाखालची जमीन ओळखल्यानंतर. ज्या कथेत मे महिन्यात धाम नदीतून होडी जाते त्या कथेवर वर्ध्याचा मुलगा पहिल्या पानावरच अविश्वास दाखवील आणि त्या अविश्वासात कल्पनेचा विहार संपेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नदी-तलावात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत होडी उलटून ११ जणांचे प्राण गेले. अशा नदीवर मुलांना साहसाचे निमंत्रण द्यावे काय? हा आक्षेप भावनेचा म्हणून झटकता येत नाही. परंतु धोका वाढतो तो नदी न कळल्याने. डोहाची खोली वरून दिसत नाही, वाळू उपसलेल्या जागी खड्डे असतात, होडीत किती माणसे बसावीत याला मर्यादा असते, वरच्या धरणातून पाणी सुटले की कोरडे पात्र पाहता पाहता भरते. ही माहिती उपदेशाच्या धड्यातून मुलांच्या मनात उतरत नाही. कथेतल्या मुलाची चूक आणि तिची किंमत यांतून ती उतरते. श्यामच्या आईला पाण्याचे जे भय मुलाच्या मनातून घालवायचे होते, ते पाण्यापासून दूर ठेवून जाणार नाही हे तिला कळले होते. नदी खरी दाखवणारी साहसकथा हे तिच्याच कामाचे पुढचे पाऊल ठरेल.

तिसरा आक्षेप या विवेचनाच्या मुळाशी जातो. ढिवराच्या मुलाला नायक केल्याने काय साधेल? शहरी लेखक त्याला वाटाड्या बनवील, त्याच्या तोंडी चार बोलीतले शब्द घालील, त्याच्या जातीचा उल्लेख करून आपण सर्वसमावेशक झाल्याचे समाधान मिळवील. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीनंतर मराठीत स्थानिक रंगाची जी सजावट पुष्कळ ठिकाणी दिसली, तिची पुनरावृत्ती येथेही होईल. ही शक्यता खरी आहे. तिच्यावर उपाय एकच, आणि तो कथारचनेत आहे. कथेतील निर्णय कोण घेतो, हे पाहावे. काठावरचा मुलगा फक्त माहिती पुरवीत असेल आणि निर्णय पाहुणा घेत असेल तर तो कोळसा पाडणाऱ्या मजुरांप्रमाणे कडेलाच राहिला. त्याच्या निर्णयाने कथेचे वळण बदलत असेल, त्याच्या चुकीने संकट येत असेल, आणि कथेच्या शेवटी त्याला घरी परतल्यावर डांगरवाडीची राखण चुकवल्याबद्दल जाब द्यावा लागत असेल, तर तो नायक झाला. सुट्टीचा मुलगा आणि कामाचा मुलगा यांच्यातील अंतर या जाबाने वाचकाला कळेल; ते पुसून टाकण्याची गरज नाही. मारुती चितमपल्लींनी वनातील आणि पाणथळीतील माणसांकडून ज्ञान आणि शब्द घेऊन मराठी निसर्गलेखन समृद्ध केले. ते काम प्रौढ वाचकासाठी होते. तशीच शिष्यवृत्ती पत्करून मुलांसाठी लिहिणारा लेखक, किंवा त्याहून चांगले म्हणजे त्या काठावरच वाढलेला लेखक, मिळण्यासारखा नाही असे मानण्याचे कारण नाही.

७

राहता राहिला विद्यापीठीय मराठी विभागांचा प्रश्न. १९७१ पासून निघणारे 'किशोर' मासिक, २०१० पासून दिला जाणारा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, यांनी बालकुमार साहित्याला व्यासपीठ आणि मान्यता दिली. समीक्षेने मात्र त्याला बहुधा संस्कार, मनोरंजन आणि वयोगट या तीन खणांत बसवून समाधान मानले आहे. बालसाहित्यावर होणारे प्रबंध लेखकनिहाय यादी, आशयसूत्रांचे वर्गीकरण आणि भाषेची सुलभता यांपाशी थांबतात. एखाद्या साहसकथेतील नदी कोणत्या महिन्यात वाहते, होडी कोणाच्या मालकीची आहे, कोण सुट्टीवर आहे आणि कोण कामावर आहे, असे प्रश्न त्यांत विचारले जात नाहीत. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या समीक्षेने हेच प्रश्न प्रौढ कादंबरीला विचारून मराठी समीक्षेचा चेहरा बदलला. ते बालसाहित्याच्या दारात येऊन थबकले, कारण बालपण हे सर्वांचे सारखेच असते अशी एक भाबडी समजूत तेथे ठाण मांडून बसली आहे.

ही समजूत सोडण्याचा लाभ केवळ न्यायाचा नाही, तो भाषेचाही आहे. जाळ्यांचे, वल्ह्यांचे, पाण्याच्या वेगांचे, वाळूच्या प्रकारांचे, माशांच्या हालचालींचे शब्द नदीकाठच्या बोलींत आहेत. डांगरवाड्या कमी झाल्या, डोंगे नाहीसे झाले, पात्रे खरवडली गेली की हे शब्द वापरायला निमित्तच उरत नाही. शब्दकोशात नोंदवलेला शब्द सुरक्षित असतो, पण तो बोलला जात नाही. बारा वर्षांच्या वाचकाने गोष्टीच्या ओघात, पुढे काय होणार या उत्कंठेत उचललेला शब्द जन्मभर त्याच्या तोंडी राहतो. अभिजात दर्जाच्या निमित्ताने मराठीच्या भूतकाळाकडे सर्वांचे लक्ष गेलेले असताना तिच्या पुढच्या पिढीच्या तोंडी कोणते शब्द राहणार आहेत याचीही काळजी विभागांनी वाहिली पाहिजे.

यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता नाही. वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील महाविद्यालयांत नदीकाठच्या गावांतून आलेले विद्यार्थी दरवर्षी पदव्युत्तर वर्गात बसलेले असतात. नदीवरच्या कामाचे, खेळाचे आणि भयाचे जे कथन त्यांच्या घरांत आहे ते त्यांनी नोंदवावे, आणि त्या नोंदींना लोकसाहित्याच्या परिशिष्टात न टाकता किशोरकथेचे साधनद्रव्य म्हणून वाचावे, एवढे सुरुवातीला पुरे आहे. ज्या प्रदेशाने हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान देण्याचा विचार देशापुढे मांडला, त्या प्रदेशातील मुलांना आपल्या नदीची गोष्ट अद्याप परक्या सरोवरावर वाचावी लागते. ही स्थिती बदलण्याचे काम लेखकांचे आहे, पण तिच्याकडे बोट दाखवण्याचे काम समीक्षेचे आहे आणि ते तिने टाळू नये.